डोकं कुठे टाकलंत?

इस्पितळाच्या शिवणखोलीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. हातात कायम कात्री असते म्हणून म्हणतात, असं ती समजायची. खरं कारण तिची जीभ होती, पण ते तिला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, सगळं त्या खोलीतून जायचं. वरच्या मजल्यावरचा एखादा साहेब येऊन उलटसुलट बोलला की ती मशीनवरचा पाय उचलायची, चष्मा कपाळावर ढकलायची, आणि मग त्या साहेबाची धडगत नसायची.

नवरा अगदी उलटा. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा हा माणूस बायकोची मात्र एकही चूक काढत नाही, असं शेजारी हसून म्हणायचे. काढून जाणार कुठे बिचारा!

निवृत्ती तोंडावर आली असताना त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू बराच सुधारला, काठी घेऊन चालायला लागला. हात मात्र तसाच राहिला, कोपरात वाकलेला आणि बोटं आत वळलेली. तेव्हापासून रोज सकाळी घरात एक लढाई सुरू झाली, शर्ट घालायची. तो वाकडा हात बाहीत जायचा नाही, ती ओढायची, तो दात आवळून बसायचा. एकदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखलं म्हणून आलं, की कुणीतरी आपल्याला लहान मुलासारखं कपडे चढवतंय म्हणून आलं, ते त्याने सांगितलं नाही. पण कात्रीबाईचं डोकं फिरलं. नवऱ्यावर नाही, शर्टावर. तिने कोरा करकरीत राखाडी शर्ट टेबलावर पसरला आणि डाव्या बाजूने कॉलरपासून मनगटापर्यंत सरळ कापून टाकला.

"अगं, नवा होता तो," नवरा म्हणाला.

"असू दे. ज्याच्यात माणूस जात नाही तो शर्ट कसला?"

कापलेल्या जागी तिने पट्टी लावली, पट्टीवर टिचबटणं बसवली. आता हात बाहीत घालायचाच नव्हता. हातावर बाही पांघरायची आणि वरून टिच टिच बंद करायची. पुढच्या बटणपट्टीवर नेहमीची बटणं नुसती शोभेला ठेवली आणि आतून तीही टिचबटणांनी मिटवली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने एका हाताने, एकट्याने शर्ट घातला आणि आरशासमोर बराच वेळ उभा राहिला.

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या खोलीबाहेर ताटकळत बसलेल्या लोकांनी तो शर्ट पाहिला. हा कुठे मिळतो, कसा शिवायचा, माझ्या भावाची उजवी बाजू गेली आहे, मग उलटा बेतायचा का? एकेकाला सांगून तिचा घसा बसला. मग नवराच म्हणाला, "आपण हे इंटरनेटवर टाकू. एकदा लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं."

तसं त्या दोघांचं पान सुरू झालं. ती बोलायची, तो एका हाताने टंकायचा. बेताची चित्रं ती काढायची, फोटो ती काढायची, शर्ट अंगात घालून खिडकीशी तो उभा राहायचा. तिच्या वाक्यांना तो फारसा हात लावत नसे. ती नवऱ्याला 'हे' म्हणायची, तर लिहिण्यातही 'हे'च. 'ह्यांना शर्ट चढवताना आधी अधू बाजू घ्या, काढताना ती शेवटी सोडवा.' एवढंच कशाला, कापडाच्या तुकड्यांनाही ती मानाने 'ह्यांना'च म्हणायची. त्यावर तो एकदा अडला होता.

"कापडाला 'ह्यांना' काय म्हणतेस? मी आणि कापड एकच का तुला?"

"दोघांनाही बेताबेताने घ्यावं लागतं," ती म्हणाली. तो हसला आणि वाक्य तसंच ठेवलं.

पानाच्या तळाशी त्याने नियम लिहिला होता: शिवा, घाला, दुसऱ्याला शिकवा. विकू नका. आणि आमच्याकडून घेतलंत तर आमच्याकडून घेतलंत असं सांगा. लोक तो पाळायचे. कुठून कुठून फोटो यायचे, कुणाच्या वडिलांचे, कुणाच्या बहिणीचे, शिवलेल्या शर्टात, हसत. जेवणं झाली की नवराबायको ते बघत बसायचे.

नवरा गेला तो झोपेतच गेला. पान तिने तसंच ठेवलं.

त्याची थोरली बहीण, म्हणजे हिची नणंद, त्याच शहरात राहायची. कोर्टात टंकलेखक होती, आता घरीच. नणंद-भावजयींमधून विस्तव जात नव्हता. भाऊ आजारी पडला तेव्हा नणंदेने चार माणसांत म्हटलं होतं, "ही वेळेवर दवाखान्यात घेऊन गेली असती तर!" ते वाक्य कात्रीबाईच्या काळजात सुईसारखं मोडून राहिलं होतं. भाऊ गेल्यावर तर येणंजाणंच संपलं. त्यामुळे एका दुपारी दार वाजलं आणि दारात नणंद धापा टाकत उभी दिसली, तेव्हा कात्रीबाईला आधी वाटलं, भांडायलाच आली.

"वन्सं, तुम्ही?"

"आत येऊ दे आधी. हे बघ." नणंदेने फोन पुढे केला. "हा आमचा धाकटा आहे की नाही, सांग. मला वेड लागलंय की काय तेच कळेना."

फोनवर एक जाहिरात होती. राखाडी शर्ट घातलेला पुरुष खिडकीशी उभा. गळ्याच्या वर फोटो कापलेला. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं: रुग्णांसाठी खास सुलभ शर्ट, आता घरपोच.

"मनगट बघ," नणंद म्हणाली. "लहानपणी कुंपणावरून पडला होता, तीच कोयरीसारखी खूण. हात त्याचाच आहे. पण बाजू चुकलीय. ह्याचा उजवा हात कधी वाकडा होता?"

कात्रीबाईने चष्मा कपाळावर ढकलला आणि फोन डोळ्यांपाशी नेला. तिची नजर हातावर नाही, बटणपट्टीवर गेली. पुरुषाच्या शर्टाला डावी पट्टी वर असते. इथे उजवी वर होती, बायकांच्या शर्टासारखी. असला शर्ट तिने उभ्या जन्मात नवऱ्याला शिवला नव्हता.

"फोटो उलटा केलाय," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की नणंद दचकली. "आरशात दिसतो तसा. ओळखू येऊ नये म्हणून. आणि डोकं कापलंय."

मूळ फोटोत तो हसत होता. फोटो काढताना तिचा अंगठा मध्ये येत होता, ती फोनला शिव्या देत होती, आणि तो पोट धरून हसत होता. ते हसू कुणीतरी फालतू म्हणून कापून टाकलं होतं.

दोघी टेबलाशी बसल्या. कंपनीचं पान मोठं, चकचकीत होतं. शर्ट होतेच, शिवाय 'तज्ज्ञांचे मार्गदर्शन' असा एक भाग होता. नणंदेने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला कात्रीबाईने पुढचं वाक्य म्हणून दाखवलं. मग त्याच्या पुढचं. शब्द न् शब्द तिचा होता. एकच बदल केला होता. जिथे जिथे 'ह्यांना' होतं तिथे तिथे 'रुग्णांना' झालं होतं. कुणी वाचून बदललं नव्हतं, संगणकाला सांगून सरसकट बदललं होतं.

"'रुग्णांना निळा रंग सहन होत नाही,'" नणंदेने वाचलं, "'म्हणून शक्यतो राखाडी घ्या.' अगं, हे काय?"

"ह्यांना निळा आवडत नव्हता. शाळेचा गणवेश निळा होता म्हणून."

"खाली कुणीतरी विचारलंय, निळ्या रंगाने मेंदूवर परिणाम होतो का? आणि यांनी उत्तर दिलंय, तज्ज्ञांच्या मते टाळलेलं बरं."

पुढच्या परिच्छेदाला नणंदेचा आवाज अडखळला. "'शिवण्याआधी रुग्णांना रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी घट्ट पिळून दोरीवर वाळत घाला.'"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघी अशा हसल्या की नणंदेला ठसका लागला. कात्रीबाईने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. किती वर्षांत दोघींनी एकमेकींना स्पर्श केला नव्हता.

हसू फार टिकलं नाही. पानाच्या शेवटी गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते. एका मुलीने लिहिलं होतं, "बाबांची डावी बाजू गेली आहे. शर्टावर 'डाव्या बाजूसाठी' लिहिलंय, पण उघडतो उजवीकडे. घालताना त्यांचा खांदा जबरदस्त दुखावला. पुन्हा व्यायाम सुरू करावा लागला." असेच आणखी काही होते. फोटो उलटे केले तसे बेताची चित्रंही उलटी केली होती, मजकूर मात्र सुलटा ठेवला होता. कारखान्याने चित्र बघून शर्ट शिवले होते.

कात्रीबाई उठून खिडकीशी गेली. "चोरायचं तर नीट तरी चोरा रे मेल्यांनो," ती म्हणाली. "माझ्या शिवणीने माणसाचा हात मोडायला निघालात!"

तिने कंपनीला लिहिलं. उत्तर गोड आलं. आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत, इंटरनेटवरची माहिती सर्वांसाठी खुली असते, लोभ असावा. मग जिथे तिचं स्वतःचं पान होतं त्या इंटरनेट-सेवेकडे तिने तक्रार नोंदवली. उत्तराची वाट बघत असताना एका सकाळी तिने पान उघडलं, तर पान नव्हतं. कोऱ्या पडद्यावर दोन ओळी होत्या: येथील मजकूर अन्य मालकाचा असल्याची तक्रार आल्याने तो काढण्यात आला आहे.

म्हणजे कंपनीनेच तक्रार केली होती. हिने आमचं चोरलं, म्हणून.

चोराच्या उलट्या बोंबा तिने आयुष्यात पुष्कळ ऐकल्या होत्या, पण ही बोंब ऐकून तिचं पान सांभाळणाऱ्या सेवेनेच तिला चोर ठरवलं होतं. नवऱ्याने एका हाताने टंकलेली अक्षरं, लोकांनी पाठवलेले फोटो, सगळं गेलं होतं. हातातला कप तिने इतक्या जोरात ठेवला की कान तुटून बोटात राहिला. नणंदेला फोन लावला आणि पान गेलं, एवढंच कसंबसं सांगितलं.

"रडतेस का?" नणंदेने विचारलं.

"रडत नाहीये. काय करू ते कळेना इतका राग आलाय."

"मग थांब तिथेच. मी येते. कोर्टात जन्म गेला माझा, मला वकील माहीत आहेत."

वकीलबाईंची खोली चपलांच्या दुकानावर होती. जिन्यात चामड्याचा वास, खोलीत खुर्च्यांवरही फायली. वकीलबाईंनी सगळं ऐकलं, दोन्ही पानांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या रुग्णांपाशी आल्यावर पेन खाली ठेवलं.

"हे तर सोन्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "ज्याने मूळ लिहिलं तो ही चूक करूच शकत नाही. ही फक्त नक्कल करणाऱ्याचीच चूक. मूळ फोटो आहेत तुमच्याकडे?"

"डोक्यासकट आहेत."

"उत्तम. मजकूर तुमचा, चित्रं तुमची, फोटो तुमचे. कुठे नोंदवले नसले तरी तुमचेच. उलट तक्रार करू, पान परत येईल. पण एक आधीच सांगते. शर्ट खांद्यावर उघडायची कल्पना आपल्याला अडवता येणार नाही. तुमचे शब्द आणि चित्रं काढायला लावू शकते. शर्ट ते विकतच राहतील."

"विकू देत. पण बाजू तरी बरोबर करायला लावा," कात्रीबाई म्हणाली. वकीलबाईंनी तेही नोटिशीत घातलं.

नोटीस गेल्यावर कंपनीला अचानक भेटायची इच्छा झाली. काचेच्या इमारतीत, काचेच्या खोलीत, मजकूर विभागाचा प्रमुख समोर बसला. तरुण, हसतमुख, दाढी नीट कोरलेली. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला नणंद आणि मध्ये कात्रीबाई.

"मॅडम, सगळ्यात आधी, आम्ही तुमचे चाहते आहोत," प्रमुख म्हणाला. "तुमचं काम आमची प्रेरणा आहे."

"प्रेरणा म्हणजे काय? नक्कल करायची बटणं दाबली की प्रेरणा होते?"

"मजकूर आम्ही बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतो. त्यांनी कुठून घेतला, आम्हाला कल्पना नव्हती."

"आणि मी चोर आहे ही तक्रार? तीही एजन्सीनेच केली?"

"ते आपोआप होतं, मॅडम. आमची सिस्टीम आमच्यासारखा मजकूर शोधते आणि तक्रार पाठवते. त्यात वैयक्तिक काही नसतं."

"बरोबर आहे," कात्रीबाई म्हणाली. "चोरणारी एजन्सी, बोंब मारणारी सिस्टीम, शर्ट उलटा शिवणारा कारखाना. तुम्ही फक्त पैसे मोजायला बसलात."

प्रमुखाने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "आपण सन्मानाने मिटवू. तुमचं नाव आम्ही 'प्रेरणास्थान' म्हणून खाली देऊ. फोटोबद्दल काही मानधनही. फोटो छान आहे, आमच्या टीमला फार आवडला."

कात्रीबाईने पिशवीतून मूळ फोटोची मोठी प्रत काढली आणि टेबलावर आपटली. खिडकीशी उभा असलेला माणूस, डावा हात छातीशी वळलेला, तोंड उघडं, डोळे हसून बारीक झालेले.

"हा माझा नवरा. गेला तो. डोकं कुठे टाकलंत ह्याचं?"

प्रमुखाने फोटो जवळ ओढला. फोटोतला माणूस खरोखरचा कुणीतरी असेल, हा विचार त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच येत असावा.

"मॅडम, आम्हाला वाटलं, एखादा मॉडेल..."

"मॉडेलला डोकं नसतं?" इतका वेळ गप्प बसलेली नणंद कडाडली. तिच्या आवाजाने काचेपलीकडच्या माना वळल्या. "माझा भाऊ आहे तो! ह्या बाईने तळहातावरच्या फोडासारखा जपला त्याला. सकाळ-संध्याकाळ हातपाय चोळले, स्वतःच्या हाडांची काडं केली. आणि तुम्ही त्याला दोरीवर वाळत घालायला निघालात?"

कात्रीबाईने मान वळवून नणंदेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तेही अशा परक्या, थंडगार खोलीत. पण त्याचं काय करावं हे तिला तेव्हा सुचलं नाही. तिने फक्त प्रमुखाला एवढंच सांगितलं, "मानधन नको. ते सगळं काढा. माझ्यावरची तक्रार लेखी मागे घ्या. आणि ज्यांनी ज्यांनी शर्ट घेतले त्या प्रत्येकाला कळवा की बाजू चुकली आहे. त्या मुलीच्या बाबांना सगळ्यांत आधी."

पुढचे काही आठवडे वकीलबाईंनी कंपनीला सुखाने झोपू दिलं नाही. पान परत आलं. कंपनीच्या पानावरून फोटो गेले, तज्ज्ञांचं मार्गदर्शन गेलं. शर्ट परत मागवल्याची एक सूचना लागली, 'तांत्रिक कारणास्तव' अशी. माफीसुद्धा आली, पण तिच्यात कुणाचं नाव नव्हतं, कशाची माफी तेही नव्हतं. पावसात भिजलेल्या बिस्किटासारखी मिळमिळीत माफी! कात्रीबाईने ती वाचली आणि वकीलबाईंना म्हणाली, "ही त्यांनाच परत पाठवा. आधी लिहायला शिका म्हणावं." ती काही परत गेली नाही. एजन्सीचं नाव कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुधारलेला शर्ट कंपनी अजून विकते, आता बरोबर बाजूने उघडणारा, आणि तो बऱ्यापैकी खपतो.

आणि तो मजकूरही काही एकाच ठिकाणी राहिला नव्हता. कंपनीच्या पानावरून आणखी कुणी कुणी तो उचलला होता. नणंद आता दर आठवड्याला येते, चष्मा लावून शोधत बसते. 'रुग्णांना पिळून' एवढे दोनच शब्द टाकले की चोरांची रांग उभी राहते. ती कोर्टाच्या भाषेत तक्रारी टंकते, कात्रीबाई शेजारी बसून त्यात शिव्या घालायला सांगते, आणि नणंद त्या गाळते. एखादी नक्कल उतरते, तोवर दुसरी उगवते.

"सोडून दे आता," शेजारीण एकदा म्हणाली. "या वयात एवढा राग बरा नाही. रक्तदाब वाढेल."

"माझा वाढू दे," कात्रीबाई म्हणाली. "त्यांचा कधी वाढणार ते सांग."

फोटो तिने सगळे नव्याने चढवले. आता प्रत्येक फोटोवर आडवी अक्षरं आहेत, दोघांची नावं, बरोबर छातीवरून जाणारी, कापली तर शर्टच कापला जाईल अशी. नवऱ्याचं हसू दिसणार नाही असा एकही फोटो तिने ठेवला नाही. अक्षरांमुळे शिवण नीट दिसत नाही, अशी काहींची तक्रार आली. तिलाही ते टोचतं. ज्या पानावर एकेक टाका स्पष्ट दिसावा म्हणून दोघं खिडकीतला उजेड शोधत बसायचे, त्या पानावर आता कुंपण घालावं लागलं, याचाही तिला रागच येतो.

मध्यंतरी दुपारच्या वेळी एक फोन आला. कुठल्याशा लांबच्या इस्पितळातली नर्स बोलत होती. "तुमच्या पानावरचं सगळं छापून आमच्या वॉर्डात लावायचं होतं..." एवढं ऐकलं मात्र, कात्रीबाईने तिला पुढे बोलूच दिलं नाही. कोण तुम्ही, कुणाचं काय छापताय, लाज नाही वाटत, असं सगळं एका दमात सुनावलं.

"लावलं नाहीये अजून," नर्स हळूच म्हणाली. "लावू का, असं विचारायला फोन केला."

कात्रीबाईने फोन कानापासून दूर धरला. नणंद समोर बसून बघत होती. तिने भुवया उंचावल्या.

"लाव," कात्रीबाई म्हणाली. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाली, "लावा. थांबा, अक्षरं नसलेले फोटो पाठवते तुम्हाला. आणि उंचावर चिकटवू नका, चाकाच्या खुर्चीतून दिसलं पाहिजे."